ट्रम्पेटला बटणं तीनच, मग एवढे सूर येतात कुठून?

सानिका_ठाणे
नमस्कार मंडळी. मुलगा आठवीत आहे, यंदा शाळेच्या बँडमधे त्याच्या हातात ट्रम्पेट आलाय आणि घरात सध्या दुसरा विषय नाही. मी लहानपणी पेटी शिकले, तिथे कसं, पट्टी दाबली की सूर, सप्तकात बारा सूर तर बारा पट्ट्या. याला बटणं फक्त तीन. तीन बटणांची काही न दाबणं धरून आठच कॉम्बिनेशन होतात, आणि हा म्हणतो सर अडीच सप्तकं वाजवतात. शिवाय एकही बटण न दाबता तो स्वतः तीन वेगळे सूर काढून दाखवतो!! हे कसं काय? यूट्यूबवर सगळे कुठलं बोट कधी ते शिकवतात, का ते कुणी सांगत नाही. आणि दुसरं म्हणजे एवढी गोल गोल वळवलेली नळी कुठेही चेपलेली दिसत नाही, ती वाकवतात कशी? कुणी वाजवणारे किंवा इंजिनियर असाल तर जरा सोप्या भाषेत सांगा ना.

आगाऊ_कार्टं
सोसायटीची पुढची मीटिंग कधी आहे ते पण कळवा, पॉपकॉर्न घेऊन येतो.

यंत्रमानव
पेटी आधी डोक्यातून काढून टाका. पेटीत प्रत्येक सुराला वेगळी पत्ती असते. इथे पत्ती एकच, ती म्हणजे वाजवणाऱ्याचे ओठ. मुलाला सांगा नुसता माउथपीस काढून त्यात फुंकर मार, पण फूऽ करून नाही, ओठ मिटून फर्रर्र करत. भुणभुण येईल. तेवढाच आवाज माणूस तयार करतो, बाकी सगळं नळीतली हवा करते.

आता नळीत काय होतं. ओठ उघडले की हवेच्या दाबाची एक लाट नळीतून निघते आणि पुढच्या भोंग्यापाशी (त्याला बेल म्हणतात) पोचते. तिथे नळी एकदम पसरते. लोकांना वाटतं सगळा आवाज तिथून बाहेर पडतो, पण खालच्या-मधल्या सुरांची बरीचशी लाट तिथूनच मागे फिरते, हौदातली लाट काठावर आपटून परत येते तशी. थोडीच बाहेर निसटते, आणि तेवढीच आपण ऐकतो. परत आलेली लाट ओठांवर नेमकी ते उघडायच्या वेळी आली तर त्यांना आणखी जोर मिळतो आणि सूर पक्का धरला जातो, भलत्या वेळी आली तर सूर फुटतो. म्हणून नळी ठराविकच सूर स्वीकारते, बाकीच्यांना उभं करत नाही. कुठले स्वीकारते? साधारण एका मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे. सरगममधे सांगतो. दुप्पटीला सा धरला तर तिप्पट म्हणजे प, चौपट वरचा सा, पाचपट ग, सहापट प, सातपट कोमल नी पण चांगलाच उतरलेला (अर्ध्या सुराच्या जवळजवळ एक तृतीयांशाने कमी, म्हणून तो सहसा टाळतात), आठपट तार सा. ओठ जास्त ताणून हवा जोरात सोडली की वरच्या पायरीवर उडी. तुमचा मुलगा जे तीन सूर काढतो ते बहुतेक सा, प, सा असणार, विचारून बघा.

मग बटणं कशाला? तर खालच्या सा आणि प मधे सहा सूर गाळलेले आहेत, ते भरायला. बटण म्हणजे सूर नव्हे, बटण म्हणजे नळीला जोडलेला जास्तीचा तुकडा. दाबलं की आतल्या पिस्टनची भोकं सरकतात आणि हवा सरळ जायच्या ऐवजी बाजूच्या वळशातून फिरून जाते, नळी लांब झाली, सूर उतरला. मधलं बटण अर्धा सूर उतरवतं, पहिलं एक, तिसरं दीड. आता बेरीज करा: अर्धा, एक, दीड, दोन, अडीच, तीन. बरोबर सहा पायऱ्या! प वरून एकेक उतरत खालच्या सा पर्यंत येता येतं. वर तर अंतरं आणखी कमी होत जातात त्यामुळे बटणं कमी लागतात. दोन पण नाही, चार पण नाही, तीनच का, याचं उत्तर हे.

सानिका_ठाणे
हो हो, सा प सा च आहे!! पेटीवर लावून बघितलं. बाप रे, म्हणजे बटणं फक्त सूर खाली आणायला आहेत. हे आत्तापर्यंत कुणीच असं सांगितलं नव्हतं. धन्यवाद यंत्रमानव.

बारावी_सायन्स_कसंबसं
एक शंका. आम्हाला शिकवलं होतं की एका बाजूला बंद नळीत फक्त विषम पट येतात, १, ३, ५, ७. इथे ओठांनी एक बाजू बंदच आहे की. मग दुप्पट आणि चौपट कुठून आणलीत?

यंत्रमानव
याच प्रश्नाची वाट बघत होतो. अगदी बरोबर, नुसती सरळ नळी घेतलीत तर विषमच येतात. बागेच्या पाईपला माउथपीस लावून वाजवा, ते सूर भलतीकडेच असतात. ते ओढून जागेवर आणायचं काम दोन्ही टोकं करतात. बेलमुळे खालचे सूर वर सरकतात, कारण लांब लाटा बेलमधे फार आत न शिरता लवकर परततात, त्यांच्यासाठी नळी आखूड झाल्यासारखं होतं. आणि माउथपीसची वाटी आणि तिच्यामागचं बारीक भोक वरच्या सुरांना खाली ओढतं. दोन्ही मिळून विषम पटांची शिडी सरकत सरकत २, ३, ४, ५ अशी जवळजवळ सरळ होते. सगळ्यात खालची पायरी मात्र जागेवर येत नाही, ती फारच खाली राहते, म्हणून मूळ सूर ट्रम्पेटवर नीट वाजतच नाही आणि मोजणी दोनपासून सुरू होते. म्हणजे बेल काही फक्त आवाज मोठा करायला नाहीये, सुरात आणायला आहे. तिचा आकार मिलिमीटरात चुकला तरी अख्खं वाद्य बेसूर.

गडवाट
वाचनखूण साठवली. आता कळलं तुतारीवर गाणं का वाजत नाही. तिला बटणंच नाहीत, लांबी ठरलेली, त्यामुळे दोन-चार सूर आणि तेच खालीवर. पण ते दोन-चार अंगावर काटा आणतात ही गोष्ट वेगळी.

आगाऊ_कार्टं
धाग्यात तुतारी आली. आता हा धागा राजकारण विभागात हलणार बहुतेक.

संपादक मंडळ
हलणार नाही. वाद्याबद्दलच बोला.

यंत्रमानव
गडवाट, युरोपात पण १८०० पर्यंत हेच होतं. जुने ट्रम्पेट साध्या लांब नळीचे, बटणं नाहीत. गाणं वाजवायचं असेल तर आठपटीच्या वर चढायचं, कारण तिथे सूर एकमेकांना खेटून येतात. ते करणारे लोक कमी आणि त्यांचा भाव मोठा. हॉर्नवाले तर पट्टी बदलली की जास्तीची नळीची वेटोळी काढ-घाल करत बसायचे. मधे व्हिएन्नात आंटोन वाइडिंगर नावाच्या वादकाने नळीला भोकं पाडून त्यावर चाव्या बसवल्या, हायडन या संगीतकाराने त्याच्यासाठीच १७९६ ला ट्रम्पेट कॉन्चेर्टो (ट्रम्पेट आणि वाद्यवृंदाची रचना) लिहिला, पण भोकं उघडली की आवाज पातळ होतो, ते काही टिकलं नाही. खरी सोय झाली १८१८ ला, प्रशियात श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी व्हॉल्व्हचं, म्हणजे या बटणांच्या यंत्रणेचं, पेटंट घेतलं. आज मुलाच्या हातात आहे त्या प्रकारचा पिस्टन पॅरिसच्या पेरिनेचा, १८३९ च्या आसपासचा. म्हणजे तीन बटणांना अजून दोनशे वर्षं जेमतेम होतायत.

ट्रॉम्बोनकाका
मी गेली बरीच वर्षं इंग्लंडात यॉर्कशायरला आहे, इथे गावोगावी खाण कामगारांचे, गिरणी कामगारांचे ब्रास बँड होते, बरेच अजून चालू आहेत, त्यातल्या एका छोट्या बँडमधे मी ट्रॉम्बोन वाजवतो. यंत्रमानवांनी सगळं छान सांगितलं पण एक गोम राहिली, ती सांगतो कारण मुलाला पुढे तिथेच त्रास होणार आहे.

बी फ्लॅट ट्रम्पेटची नळी उलगडली तर साधारण १४८ सेंमी. अर्धा सूर उतरवायचा तर लांबी सुमारे ६ टक्के वाढवावी लागते. म्हणजे मधल्या बटणाचा तुकडा ८.८ सेंमी, पहिल्याचा १८ च्या आसपास, तिसऱ्याचा २८. आता तिन्ही दाबली की ५५ सेंमी जोडले गेले. पण तीन सूर खाली जायला खरं तर ६१ सेंमी हवेत! कारण पहिलं बटण दाबल्यावर नळी आधीच लांब झालेली असते, आता अर्धा सूर उतरवायचा तर या नव्या लांबीच्या ६ टक्के पाहिजेत, पण मधल्या बटणाला ते कुठे माहितेय, ते आपले तेच ८.८ देणार. म्हणून एकत्र दाबलेली बटणं चढी वाजतात. पहिलं-तिसरं साडेतीन सेंमीने कमी पडतं, तिन्ही सहा सेंमीने. चांगल्या ट्रम्पेटला तिसऱ्या बटणाच्या सरकत्या नळीवर एक अंगठी असते ना, ती यासाठी. डाव्या हाताच्या बोटाने ती ऐन वेळी बाहेर ढकलायची. बरीच मुलं ती अंगठी नुसती धरायला आहे असं समजतात आणि वर्षानुवर्षं चढा सूर वाजवतात. सांगा त्याला.

आमच्या ट्रॉम्बोनला ही भानगडच नाही, नळी साधारण २.७ मीटर, ट्रम्पेटच्या जवळजवळ दुप्पट, आणि पाहिजे तेवढी सरकवा. फक्त कुठे थांबायचं ते कानाला कळलं पाहिजे, खुणा वगैरे काही नसतात.

हातोडा
नळी वाकवण्याबद्दल विचारलंत म्हणून लिहितोय. मी भोसरीला शीटमेटलच्या धंद्यात आहे, वाद्य वाजवता येत नाही. एका कामासाठी मेरठला जाणं झालं तेव्हा मुद्दाम जाली कोठीत गेलो. आपल्याकडच्या लग्नाच्या बँडची वाद्यं बहुतेक तिथली, मोहल्लाच त्या कामाचा आहे, छोटे छोटे कारखाने, १८८५ पासूनची नादिर अली कंपनी पण तिथलीच. माझ्यासारख्या माणसाला तिथून निघवत नाही.

बेलपासून सांगतो कारण सगळ्यात कठीण तीच. पत्रा पितळेचा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड, सर्वसाधारण वाद्याला ७० टक्के तांबं ३० टक्के जस्त. तांबं वाढवलं की रंग लालसर होतो आणि पत्रा मऊ. आधी साच्याप्रमाणे एक विचित्र आकार कापायचा, वर निमुळता खाली रुंद. तो लांबीत दुमडायचा, कडा एकमेकींना भिडवायच्या (कुठे कुठे दाते कापून एकमेकांत गुंतवतात), टाकणखार लावून पितळेच्या झाळाने झाळायचा. मग ती शिवण ठोकून ठोकून पत्र्याच्या पातळीत आणायची. आता हा चपटा लांबोडका पिशवीसारखा प्रकार लोखंडी साच्यावर चढवून हातोडीने पसरवत न्यायचा. पितळेची खोड अशी की ठोकलं की कडक होतं, अजून ठोकलं की तडकतं. म्हणून मधे मधे लाल होईपर्यंत भट्टीत ताव द्यायचा, की परत मऊ. ठोक, ताव, ठोक, ताव. शेवटी लेथवर साच्यासकट फिरवत लांब दांड्याने दाबत दाबत आकार पक्का करतात आणि कडेला आत तार घालून काठ दुमडतात, त्याने काठ मजबूत होतो. स्वस्तात करायचं तर दोन भाग, पुढची थाळी वेगळी दाबून काढायची आणि मागच्या नळीला झाळायची. चांगल्या बेलवर उजेडात नीट बघितलं तर लांबीत एक फिकट रेघ दिसते, ती शिवण.

आता वाकवणं. रिकामी नळी वाकवली तर आतल्या बाजूला सुरकुत्या आणि वर चपटी, म्हणून ती आधी भरायची. जुन्या पद्धतीत वितळवलेली राळ नाहीतर शिसं ओततात, गार होऊन घट्ट झालं की नळी भरीव दांड्यासारखी वागते, साच्याभोवती वाकवायची, मग गरम करून आतलं ओतून काढायचं. परदेशातल्या मोठ्या कारखान्यात साबणाचं पाणी भरून गोठवतात, बर्फासकट वाकवतात! साबणामुळे बर्फ भुसभुशीत होतो, तडकत नाही. तरी बारीक सुरकुत्या राहतातच, त्या पोलादी डायमधे ठेवून आतून पाण्याचा प्रचंड दाब दिला की नळी फुगून डायला चिकटते आणि गुळगुळीत निघते.

व्हॉल्व्ह हे मात्र हातोडीचं काम नाही. पिस्टन आणि त्याची डबी यात एका मिलिमीटरच्या काही शतांशाएवढी फट, जास्त झाली तर हवा गळते, कमी झाली तर बटण अडकतं. पिस्टनला आडवी तिरकी भोकं, प्रत्येकात नळीचा तुकडा झाळलेला, आणि शेवटी बारीक पावडर-तेल लावून डबीत घासून बसवायचा. मी तीस वर्षं मशीन बघतोय, हे काम करणाऱ्याला सलाम. सगळे भाग जोडताना परत झाळकाम नाही, मऊ कथिलाचा डाग, कारण जास्त उष्णता लागली तर बेलची कडकी जाते, आणि पुढे दुरुस्तीला भाग सुटे करता आले पाहिजेत. मग बफ, मग लॅकर (पारदर्शक लेप) किंवा चांदीचा मुलामा.

तांबटीण
हातोडाभाऊ, वाचताना आजोबांची आठवण झाली. आमचं घर कसब्यातल्या तांबट आळीतलं. बंब, घागरी, सगळं असंच, ठोकायचं आणि ताव द्यायचा. पण आमच्याकडे शेवटी मठारतात, त्या हातोडीच्या खुणाच मुद्दाम ठेवायच्या असतात आणि त्याने भांडं कडक पण होतं. वाद्यात त्या खुणा घासून काढतात हे वाचून गंमत वाटली.

हातोडा
काही महागड्या बेलवर आता मुद्दाम ठेवतात म्हणे खुणा, दिसायला भारी म्हणून ;)

फोंडेकर
देव बरें करूं. आमच्या घरात तीन पिढ्या ट्रम्पेट, आजोबा चर्चच्या शाळेत सोल्फेज (पाश्चात्य सरगम) शिकले आणि मग मुंबईला गेले, त्या काळी सगळेच जायचे. ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटचं नाव ऐकलंय ना, आमच्या गोव्याचाच, आणि संगीतकार सी. रामचंद्रांचा, म्हणजे अण्णांचा असिस्टंट. अण्णांच्या गाण्यात जो ट्रम्पेट झणझणतो तो कुठून आला याचं उत्तर तिथे आहे.

पण मी वेगळ्याच कामाला आलो. वर कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो, धातूने आवाज बदलतो. चांदीचा मुलामा असलेला ट्रम्पेट जास्त धारदार, लाल पितळेचा गोड. हे कुठल्याही वाजवणाऱ्याला विचारा.

यंत्रमानव
विचारलं होतं की! रिचर्ड स्मिथ नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९८० च्या दशकात ट्रॉम्बोनला वेगवेगळ्या जाडीच्या बेल लावून वादकांना न दाखवता वाजवायला दिल्या. ओळखता आलं नाही. आतल्या हवेचा आकार तोच असेल तर आवाज जवळजवळ तोच. प्लास्टिकचे ट्रॉम्बोन निघालेत, शाळेतली पोरं वाजवतात, आणि ऐकायला ट्रॉम्बोनच वाटतात.

फोंडेकर
ऐकणाऱ्याला वाटत असेल. वाजवणाऱ्याच्या हातात, दातात जे येतं त्याचं काय? हातात चांगलं वाटलं की माणूस वेगळं वाजवतो. जॅझवाल्या डिझी गिलेस्पीच्या ट्रम्पेटवर १९५३ ला पार्टीत कुणीतरी पडलं, बेल वाकून वर गेली, त्याला तशीच आवडली आणि पुढे मुद्दाम वर वळवलेल्या बेलचाच वाजवला. तुमच्या मशीनला यात काय दिसणार.

ट्रॉम्बोनकाका
दोघं आपापल्या जागी बरोबर असाल, पण झणझणीतपणाचं कारण धातू नक्की नाही. जोरात वाजवलं की नळीतली दाबाची लाट पुढे जाता जाता इतकी उभी होते की शेवटी धक्कालहरच तयार होते, ती चर्रर्र धार तिची. हे व्हायला लांबपर्यंत एकाच व्यासाची, न रुंदावणारी नळी लागते, म्हणून ट्रम्पेट-ट्रॉम्बोन करवादतात आणि युफोनियम, फ्ल्यूगलहॉर्न कितीही फुंका, गोलच राहतात, कारण त्यांची नळी जवळजवळ सुरुवातीपासून रुंदावत जाते. धातू दोन्हीत पितळच.

लक्ष्मीरोड
आमच्या विसर्जन मिरवणुकीला प्रभात बँड असतो त्यांचे ते मोठे वाद्यवाले बघून कायम वाटायचं एवढं फुंकतात कसं. अवांतर प्रश्न: डीजे आणि बेंजोच्या जमान्यात बँडवाले कीबोर्ड पण ठेवतात गाडीवर, तर कधी कधी ट्रम्पेट आणि कीबोर्ड चक्क वेगळ्या पट्टीत का वाटतात? दारू सोडून कारण सांगा.

यंत्रमानव
ऊन! आवाजाचा वेग तापमानाने वाढतो. १५ अंशाला साधारण ३४० मीटर प्रति सेकंद, ४० ला ३५५. नळी तेवढीच, वेग वाढला, सूर चढला. हिशेबाने अर्ध्या सुराच्या जवळजवळ पाऊणपट फरक निघतो. प्रत्यक्षात वाजवणाऱ्याचा श्वास नळीतली हवा ऊबदार ठेवतो म्हणून तेवढा पडत नाही, पण पडतो. धातू प्रसरण पावतो ते नगण्य. कीबोर्ड मात्र मे महिन्यात पण तिथेच. ट्यूनिंगची मोठी सरकती नळी पुढे असते, ती दर थोड्या वेळाने ओढून जुळवावी लागते, घोड्यापुढे नाचणाऱ्या गर्दीत कोण जुळवणार.

सानिका_ठाणे
बापरे, केवढी माहिती! सगळ्यांचे प्रतिसाद मुलाला वाचून दाखवले, अंगठीचं ऐकून तो चाटच पडला. आता दोन प्रश्न. शाळेचा ट्रम्पेट जुना आहे, माउथपीसच्या पुढच्या नळीवर गुलाबी ठिपके पडलेत, घासून जात नाहीत. आणि वाजवताना त्यातून पाणी गळतं, ती थुंकी का? मला जरा किळस येते.

हातोडा
गुलाबी ठिपके म्हणजे पितळेतलं जस्त निघून गेलं आणि नुसतं सच्छिद्र तांबं उरलं. आतून सुरू होतं आणि बाहेर दिसेपर्यंत बरंच पोखरलेलं असतं. घासू नका, भोक पडेल. ती नळी बदलून मिळते, कथिलाचाच डाग आहे. बेलला पोचा पडला असेल तर घरी पेन्सिल-बिन्सिल घालून काढू नका, त्याला पोलादी गोळे आणि दांडे लागतात.

ट्रॉम्बोनकाका
पाणी बहुतेक श्वासातली वाफच असते, गार पितळेला लागून थेंब होतात. कॉर्कची छोटी कळ आहे तिथून काढायचं. ठिपके वाढू नयेत म्हणून दोन गोष्टी: खाऊन आल्यावर चूळ भरल्याशिवाय वाजवायचं नाही, आणि महिन्याकाठी पिस्टन काढून नळी कोमट पाण्याने लवचिक ब्रशने धुवायची, उकळतं पाणी नको, लॅकर निघतं. पिस्टनला व्हॉल्व्ह ऑइलच, खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल अजिबात नाही. पिस्टनवर १, २, ३ आकडे कोरलेले असतात, ज्याचा त्याच्याच डबीत घाला, नाहीतर फुंकर मारून मारून पोरगं लाल होईल आणि हवा पुढे जाणारच नाही.